बाबा पडतात, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल : ऑटोनॉमिक टेस्टसाठी पुण्याला जावं का?

मास्तरपुत्र (वसमत) | ११ एप्रिल, रात्री ९:४२

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

वडील ६९ वर्षांचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर. शुगर १९ वर्षांपासून. दिवाळीपासून चार वेळा पडले. पहिल्यांदा पहाटे लघवीला उठले आणि मोरीच्या उंबऱ्यापाशीच खाली बसले ते बसलेच. दुसऱ्यांदा भरपेट जेवून हात धुवायला उठले तेव्हा. तिसऱ्यांदा हळद शिजवायच्या कढईपासून चार पावलांवर. ती आठवण झाली की अजून माझ्या पोटात गोळा येतो. चौथ्यांदा चुलतभावाच्या लग्नात. अक्षता हातात घेऊन उभे होते, तिसऱ्या मंगलाष्टकाला गेले. शुद्ध अर्ध्या मिनिटात परत येते. आधी डोळ्यापुढं अंधारी आणि मान-खांदे भरून आल्यासारखे होतात, असं सांगतात.

मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, ईसीजी, टू-डी इको, २४ तासांचा होल्टर. सगळं नॉर्मल. फाईल लग्नाच्या अल्बमएवढी जाड झाली. आता एका फिजिशियननं चिठ्ठीवर "ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट, टिल्ट टेबल" असं लिहून दिलंय आणि पुणे नाहीतर हैदराबाद गाठा म्हणालेत. चुलते म्हणायलेत नजर लागली, आधी उतारा करा.

कुणी ही टेस्ट केलीय का? काय करतात? दुखतं का? आणि खरंच एवढ्या लांब जावं का?


बनी_तो_बनी (परभणी) | ११ एप्रिल, रात्री १०:०५

तिसऱ्या मंगलाष्टकाला पडले म्हणजे काका दमाचे आहेत. आमच्याकडं मामा-काका माईक धरून अकरा-अकरा म्हणतात, दुसऱ्यालाच पब्लिक पंगतीकडं सरकतं.

हलकं घ्या. आणि त्यांना एकटं सोडू नका, मोरीत तर नाहीच.


धारूरकर (बीड) | ११ एप्रिल, रात्री १०:३१

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एमआरआय झाला, डॉपलर झाला, काही सापडलं नाही की पुढची चिठ्ठी. ती नॉर्मल आली की अजून पुढची. ३४ वर्षं बँकेत होतो, फाईल जाड करायचा धंदा मला ओळखू येतो. वय झालं की माणूस पडतो. काठी घेऊन द्या.


कन्नडची_माहेरवाशीण (संभाजीनगर) | १२ एप्रिल, सकाळी ७:१४

मास्तरपुत्र, मी न्यूरोच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, ह्याच टेस्टा रोज करते. बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि एकच सांगा : ह्या सहा महिन्यांत कुणी बाबांना आडवं झोपवून बीपी घेतलं, आणि मग उभं करून परत घेतलं, असं एकदा तरी झालंय का?


मास्तरपुत्र (वसमत) | १२ एप्रिल, सकाळी ८:०२

नाही हो ताई. दर वेळी स्टुलावर बसवून. १३० च्या आसपास येतं, डॉक्टर "एकदम छान" म्हणतात.


कन्नडची_माहेरवाशीण (संभाजीनगर) | १२ एप्रिल, सकाळी ८:४०

मला हेच वाटलं होतं. तुम्ही जे चार प्रसंग लिहिलेत ना, पहाटे अंथरुणातून उठताना, जेवणानंतर, उष्णतेजवळ आणि एका जागी उभं राहून, ते उभं राहिल्यावर बीपी पडण्याच्या पुस्तकातले चारही प्रसंग आहेत. मान-खांदे भरून येतात हीसुद्धा खूण आहे. तिथल्या स्नायूंना रक्त कमी पडतं.

घरी बीपीचं मशीन असेल तर उद्या पहाटे असं करा. उठायच्या आधी, चहा-गोळ्यांच्या आधी, अंथरुणावरच उताणं पाच मिनिटं शांत झोपू द्या. मग बीपी आणि नाडी दोन्ही लिहा. पट्टा तसाच ठेवून उभं करा. एक मिनिटानं एक, तीन मिनिटांनी एक. हात लोंबकळत ठेवायचा नाही, छातीच्या पातळीवर कुणीतरी धरायचा, नाहीतर आकडा खोटा येतो. मागं खुर्ची किंवा खाट असू द्या आणि एक माणूस बाजूला. डोळ्यापुढं अंधारी आली तर आकड्याचा नाद सोडून लगेच आडवं करा.

वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते नोंद घ्यायसारखं. झोपून बीपी मुळातच जास्त असेल तर वरचा ३० ने उतरला तरच धरतात.


दमडी_महल (संभाजीनगर) | १२ एप्रिल, सकाळी ९:२०

ऑटोनॉमिक म्हणजे स्वायत्त ना? आमच्या कॉलेजला स्वायत्तता मिळाली तेव्हा पण असंच झालं होतं. बसलेलं असताना सगळं छान, उभं करायला गेलं की कोसळायचं.


बनी_तो_बनी (परभणी) | १२ एप्रिल, सकाळी ९:२४

+१. आणि तपासणीला समिती आली की तेवढा दिवस नॉर्मल.


फिजिओवाले_सर (अंबाजोगाई) | १२ एप्रिल, दुपारी १:५०

दमडीशेठ, उपमा वाईट नाही. स्वायत्त मज्जासंस्था म्हणजे आपल्याला न विचारता चालणारं खातं. नाडी, बीपी, घाम, आतड्याची हालचाल, लघवीची पिशवी, डोळ्याची बाहुली. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायात उतरतं. निरोगी माणसात दोन-चार ठोक्यांच्या आत नसांमार्फत हुकूम जातो, पायातल्या रक्तवाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या नसाच खराब झाल्या तर हुकूम पोचत नाही.

धारूरकर, आता तुमच्याकडं वळतो. एमआरआय मेंदूचा फोटो काढतो, इको हृदयाचा. हुकूम पोचतो की नाही हे फोटोत दिसत नाही. होल्टर लावला त्या २४ तासांत ठोक्यांचा ताल बिघडला नाही एवढंच तो सांगतो, बीपीबद्दल चकार शब्द नाही. पाचही रिपोर्ट खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळाच विचारला गेला. घराला वीज नाही आणि आपण भिंती तपासतोय, तसं.

आणि ह्या टेस्टला फार भारी यंत्र लागतं हा गैरसमज. एडिंबरोच्या यूइंग आणि क्लार्क यांनी शुगरच्या रुग्णांसाठी पाच टेस्टांचा संच बसवला, १९८२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लिहिलं, आणि आजही जगभर तोच पाया आहे. लागतं काय? ईसीजी, बीपीचं मशीन, मूठ आवळायचं डायनॅमोमीटर आणि फुंकायला एक नळी. हे सगळं वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिऑलॉजी विभागात असतं. आमची पहिल्या वर्षाची पोरं एकमेकांवर प्रॅक्टिकल करतात.


धारूरकर (बीड) | १२ एप्रिल, दुपारी २:३०

पोरांकडून करून घ्यायची का मग?


फिजिओवाले_सर (अंबाजोगाई) | १२ एप्रिल, दुपारी २:४४

पोरांकडून नाही, विभागाकडून. फिजिशियनची चिठ्ठी घेऊन आधी चौकशी करायची. सगळीकडं रुग्णांसाठी करतात असं नाही, पण पुण्याच्या बसमध्ये बसण्याआधी एक फोन करायला काय जातं?


मांजराकाठ (लातूर) | १२ एप्रिल, रात्री ११:१६

थोडं अवांतर. माझी पुतणी १७ वर्षांची, नीटच्या तयारीला इथं लातुरात असते. डेंग्यू झाल्यापासून उभी राहिली की छाती धडधडते, गरगरतं. क्लासमध्ये दोनदा बेंचावर डोकं टेकवून बसली तर सर म्हणाले अभ्यास टाळते, मेसवाल्या काकू म्हणाल्या खात नाही, तिची आई म्हणाली मोबाईल. आम्ही सगळ्यांनी मिळून पोरीला नाटकी ठरवलं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला दहा मिनिटं झोपवलं, मग दहा मिनिटं नुसतं उभं केलं, दर मिनिटाला नाडी मोजली. झोपून ७६, सातव्या मिनिटाला १२२. बीपी जागच्या जागी. म्हणाल्या, नाटक करून नाडी ४६ ने वाढवून दाखवा. आजाराचं नाव पॉट्स, उभं राहिलं की नाडी पळते तो. मोठ्यांत ३० ठोके वाढले तर धरतात, १२ ते १९ वयात ४० लागतात. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं बघून घेतलं, कारण रक्त कमी असलं तरी नाडी पळते.

औषध काय दिलं, तर आधी पाणी आणि मीठ वाढवा. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी. म्हटलं बाई, २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आणि तुम्ही एका पोरीला अडीच लिटर लिहून देता!


बनी_तो_बनी (परभणी) | १२ एप्रिल, रात्री ११:३०

आणि मीठ? ठेचा, लोणचं, खारे शेंगदाणे. लातूरच्या मेसमध्ये पथ्य आपोआप पाळलं जातं.


कन्नडची_माहेरवाशीण (संभाजीनगर) | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

मिठाचं ते पुतणीपुरतं, बरं का. मास्तरपुत्र, बाबांना मीठ वाढवू नका अजून. हृदय आणि किडनी बघितल्याशिवाय नाही, आणि आकडे आल्याशिवाय तर नाहीच.


मास्तरपुत्र (वसमत) | १३ एप्रिल, सकाळी ७:२५

आकडे घेतले. आईनं हात धरला, मी लिहिलं.

झोपून १५८/८६, नाडी ७६
उभं, १ मिनिट ११८/७०, नाडी ७९
उभं, ३ मिनिटं ११२/६८, नाडी ८०

तिसऱ्या मिनिटाला "बस करा रे" म्हणाले, लगेच झोपवलं. ताई, हे वाईट आहे का? मशीन बिघडलंय की काय म्हणून मी स्वतःचं पण घेतलं. माझं चारनं फरक पडलं फक्त.


कन्नडची_माहेरवाशीण (संभाजीनगर) | १३ एप्रिल, सकाळी ७:५८

मशीन ठीक आहे. आता नुसतं बीपीकडं बघू नका, नाडीकडं बघा. बीपी ४६ ने उतरलं आणि नाडी वाढली फक्त ४. अंगात पाणी कमी असतं, जुलाब झाले असते, तर नाडी धावत सुटली असती. इथं बीपी कोसळतंय आणि हृदयाला खबरच नाही. नाडीची वाढ भागिले बीपीची घट, हे ०.५ च्या खाली आलं की संशय नसांवर जातो. तुमचं ०.१ सुद्धा नाही. बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ करणारी गोळी, चालू असला तर हा हिशोब फसतो, म्हणून विचारते, गोळ्या कुठल्या आहेत? सगळ्या लिहा. मेडिकलवाल्यानं दिलेल्या पण.


मास्तरपुत्र (वसमत) | १३ एप्रिल, सकाळी ८:३०

शुगरच्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बीपीची एक, टेल्मिसार्टन आणि पाणी काढणारं औषध एकत्र असलेली. रात्री प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन. तळपायांची आग होते म्हणून रात्रीच ॲमिट्रिप्टिलीन. बस.


फिजिओवाले_सर (अंबाजोगाई) | १३ एप्रिल, सकाळी ९:१५

"बस" म्हणे! नसा आधीच अशक्त, त्यात पाणी काढणारी गोळी, प्रोस्टेटची आणि तळपायाची. तिन्ही उभं राहिल्यावर बीपी आणखी पाडू शकतात, आणि त्यातल्या दोन रात्री घेऊन माणूस पहाटे अंधारात मोरीकडं निघतो. तीन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिल्या असणार, प्रत्येकाची चिठ्ठी आपल्या जागी बरोबर.

ह्यातली एकही आपल्या मनानं बंद करायची नाही. ही गोळ्यांची यादी आणि हे आकडे एका कागदावर लिहून त्याच फिजिशियनकडं न्या. टेस्टच्या आधी काही गोळ्या थांबवाव्या लागतात, ॲमिट्रिप्टिलीनमुळं ठोक्यांची टेस्ट बिघडते, पण किती दिवस आधी ते त्यांनी सांगायचं.


धारूरकर (बीड) | १३ एप्रिल, सकाळी १०:४०

काठीचा सल्ला मागं घेत नाही. पण आज मी पण उभं राहून बीपी घेतलं. १४ ने उतरलं. चालतं ना?


बनी_तो_बनी (परभणी) | १३ एप्रिल, सकाळी १०:४३

चालतं. बँकेत असताना आमचं यापेक्षा जास्त उतरायचं, "लंच नंतर या" ऐकून.


परंड्याचा_किल्लेदार (धाराशिव) | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

सर, त्या पाच टेस्टा नक्की कशा असतात ते कुणी सांगितलंच नाही. एका मित्राच्या वडिलांना "जोरात श्वास घ्या" म्हणाले एवढंच त्याला आठवतंय. हा तर आपला प्राणायामच झाला.


कन्नडची_माहेरवाशीण (संभाजीनगर) | १३ एप्रिल, रात्री ९:०५

सर पेपर तपासत असतील, मी सांगते.

जोरात श्वास नाही, संथ. मिनिटाला सहा. मी समोर बसून बोटानं दाखवते, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. छातीला ईसीजीच्या तारा. श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात, हा निसर्ग आहे. हा फरक १५ किंवा जास्त आला तर छान, १० किंवा कमी आला तर हृदयाकडं जाणारी व्हेगस नस थकली. वयानं हा फरक कमी होतच जातो, म्हणून सत्तरीच्या माणसाला विशीचा आकडा लावायचा नसतो.

दुसरी झोपलेलं असताना एकदम उभं राहायची. पंधराव्या ठोक्याच्या आसपास हृदय सर्वांत जोरात असतं, तिसाव्याच्या आसपास सावरतं. दोन्हीकडचं ठोक्यांमधलं अंतर मोजून भागाकार करायचा. १.०४ किंवा वर हवा, १.०० ला अडकला तर बिघाड.

तिसरी वल्साल्व्हा. नळीत फुंकून काटा ४० वर पंधरा सेकंद धरून ठेवायचा. आजी-आजोबांची इथं फार गंमत होते. गाल फुगवून काटा ४० वर नेतात, छाती ढिम्म. मग नळीला बारीक भोक ठेवतो, म्हणजे गालाची चोरी चालत नाही. सोडल्यावर हृदय कसं सावरतं ते बघायचं. पण एक महत्त्वाचं : शुगरमुळं डोळ्याच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील, किंवा नुकतं लेझर झालं असेल, तर ही टेस्ट करत नाहीत. जोर लावला की डोळ्यात रक्त उतरायची भीती. आधी डोळे तपासून घ्या आणि तंत्रज्ञाला सांगा, तो विचारेलच असं नाही.

उरलेल्या दोन बीपीच्या. एक तुम्ही घरी केलीच, उभं राहून. दुसरीत आपल्या पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मूठ जमेल तितकी, जास्तीत जास्त पाच मिनिटं, आवळून धरायची. खालचं बीपी १६ ने वाढायला हवं.

दुखत काहीच नाही. रिकाम्या पोटी किंवा हलकं खाऊन तीन-चार तासांनी या. त्या दिवशी चहा, कॉफी, तंबाखू काही नाही. आमच्याकडं नव्वद टक्के भांडणं तंबाखूवरून होतात. "एकच चिमूट खाल्ली ताई" म्हणतात, आणि चिमूट म्हणजे अख्खी पुडी.


फिजिओवाले_सर (अंबाजोगाई) | १३ एप्रिल, रात्री ९:५५

काही उणं राहिलं नाही. किल्लेदार, प्राणायामाबद्दल : नस शाबूत असली तर श्वासानं ठोके डोलतात, ते तुम्हाला कपालभातीवाल्यानं सांगितलं असेल. नस गेली असली की कितीही संथ श्वास घ्या, ठोके घड्याळासारखे सरळ. म्हणून ही परीक्षा आहे, उपचार नाही. आणि वल्साल्व्हा हा इटलीचा कानाचा शरीररचनाशास्त्रज्ञ. कानातला पू बाहेर काढायला त्यानं १७०४ च्या ग्रंथात ही युक्ती लिहिली होती. हृदयवाल्यांनी ती नंतर उचलली.


जालन्याची_भट्टी (जालना) | १४ एप्रिल, रात्री १२:२०

मी स्टीलच्या कारखान्यात फर्नेसवर आहे. माझा प्रश्न घामाचा. वर्षभर झालं, गुडघ्याखाली घामच येत नाही, पाय कोरडे ठणठणीत, आणि डोकं-छाती मात्र ओलीचिंब. शुगर आहे, आठ वर्षं. हे पण यातच येतं का?


कन्नडची_माहेरवाशीण (संभाजीनगर) | १४ एप्रिल, सकाळी ७:०५

येतं. शुगरमध्ये लांबच्या, म्हणजे पायाच्या नसा आधी जातात, तिथला घाम बंद होतो आणि अंग थंड ठेवायचं सगळं काम वरच्या भागावर पडतं. भट्टीवर काम करणाऱ्यानं हे अंगावर काढू नये, उष्माघात गाठेल.

घामाच्या पण टेस्टा असतात. एक १९८३ साली मेयो क्लिनिकच्या लो यांनी मांडली, क्यूसार्ट. त्वचेवर छोटी डबी लावून बारीक विजेनं औषध आत सरकवतात आणि तिथं किती घाम सुटला ते मोजतात. ती फार थोड्या ठिकाणी होते. पायाखाली-हाताखाली धातूच्या पट्ट्या ठेवून दोन-तीन मिनिटांत होणारं एक मशीन आता बऱ्याच शुगरच्या दवाखान्यांत दिसतं, पण तेवढ्यावर कुणी मोठं निदान करू नये. अंगावर रंग बदलणारी पूड टाकून गरम खोलीत ठेवायची पण पद्धत आहे. घाम आला तिथं पूड जांभळी, नाही आला तिथं तशीच. माणसाचा नकाशाच निघतो.

आणि तुमच्या अंगावर कुठं सुन्न, कोरडा चट्टा असेल तर त्वचेच्या डॉक्टरला आधी दाखवा. कुष्ठरोगात पण तेवढ्याच जागी घाम थांबतो, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.


बनी_तो_बनी (परभणी) | १४ एप्रिल, सकाळी ७:४०

गरम खोली कशाला? मे महिन्यात दुपारी दोनला परभणीच्या स्टँडवर उभं करा. "जगात जर्मनी, भारतात परभणी" उगं म्हणत नाहीत.


दमडी_महल (संभाजीनगर) | १४ एप्रिल, सकाळी ८:१०

आणि पूड वसमतची. हळदीत सोडा टाकला की लाल होतेच की. मास्तरपुत्र, जोडधंदा!


गोदामाय (नांदेड) | १५ एप्रिल, दुपारी ३:३५

चेष्टा चालू द्या, मला पण हसू आलं. फक्त आईचं लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आईला चालताना जड व्हायचं, हात कमी हलायचे. पार्किन्सन म्हणून गोळ्या सुरू झाल्या. पण पहिल्या वर्षापासूनच लघवी अडकायची, बद्धकोष्ठ इतकं की रडायची, आणि न्हाणीतून उठली की पडायची. गोळ्यांचा गुण जेमतेम. दोन वर्षांनी एका न्यूरॉलॉजिस्टनी हैदराबादला टिल्ट टेबल आणि हृदयाचा एमआयबीजी स्कॅन करायला लावला. टेबलावर पट्टे बांधून सत्तर अंशांत उभी केली, बोटाला छोटा पट्टा, प्रत्येक ठोक्याला बीपी पडद्यावर. नुसत्या भीतीनं, घाबरून चक्कर येणारी माणसं बराच वेळ ठीक असतात आणि मग एकदम बीपी-नाडी दोन्ही कोसळतात, असं ते म्हणाले. आईची रेघ पहिल्या मिनिटापासून उतरतच गेली, आणि नाडी सरळ.

स्कॅनमध्ये हृदयाच्या नसा चांगल्या दिसल्या. मला आनंद झाला. डॉक्टर गप्प होते. मग समजावलं की पार्किन्सनमध्ये हृदयातल्या नसांची टोकंच जातात, ती इथं शाबूत आहेत, म्हणजे बिघाड वर, मेंदू-मज्जारज्जूत आहे. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी. ह्यातल्याच एका रूपाला शाय आणि ड्रेगर या दोन डॉक्टरांचं नाव होतं, १९६० पासून.

टेस्टनं आई बरी झाली नाही. पण त्या दिवसापासून घरात "तू प्रयत्नच करत नाहीस" हे वाक्य बंद झालं. दीड वर्षं आम्ही तिला ते म्हणत होतो.


धारूरकर (बीड) | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

ताई, वाचलं. पहिल्या प्रतिसादात मी फार सहज लिहून गेलो.


मांजराकाठ (लातूर) | १५ एप्रिल, रात्री १०:०२

🙏


परंड्याचा_किल्लेदार (धाराशिव) | २ मे, सकाळी ९:१२

धागा वर काढतोय. मास्तरपुत्र, पुढं काय झालं? आमच्याकडं ४२ चढलंय, काकांना सांभाळा.


मास्तरपुत्र (वसमत) | २६ मे, रात्री ८:४८

उशिराबद्दल माफी. हळदीचा हंगाम आणि बाबांचे दवाखाने एकत्र आले.

आकड्यांचा कागद घेऊन फिजिशियनकडं गेलो. कागद बघून ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग स्वतः झोपवून-उभं करून घेतलं, तेच आलं. बी-१२ तपासलं, मेटफॉर्मिननं ते कमी होतं म्हणे, थोडं कमीच होतं, इंजेक्शनं चालू केली. सरांनी सांगितल्याप्रमाणं फोनाफोनी केली आणि दोन जिल्हे सोडून एका शासकीय महाविद्यालयात टेस्टा झाल्या. पुणे नाही, हैदराबाद नाही. टिल्ट टेबल लागलंच नाही. उभं राहूनच एवढं पडतंय तर टेबलावर बांधून नवीन काय कळणार, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. तीन मिनिटांत काही दिसलं नसतं, किंवा ज्यांना उभंच राहता येत नाही, त्यांना लागतं.

माहेरवाशीण ताई, डोळ्याचं तुम्ही लिहिलं म्हणून मी आधी सांगितलं. फेब्रुवारीत लेझर झालं होतं. फुंकायची टेस्ट त्यांनी केलीच नाही. कुणी विचारलं नव्हतं, मी बोललो नसतो तर केली असती.

श्वासाच्या टेस्टमध्ये फरक ४. उभं राहायची १.००. मुठीची ८ च वाढ. निदान : शुगरमुळं हृदयाकडच्या स्वायत्त नसांचा बिघाड. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली, अशा माणसाला हार्टअटॅक न दुखता येऊ शकतो आणि शुगर उतरल्याची धडधड पण जाणवत नाही. म्हणून ग्लिमेपिराइड कमी केली. पाणी काढणारी गोळी गेली, तळपायाची बदलली, प्रोस्टेटवाल्या डॉक्टरांशी बोलून ती पण बदलली.

घरी : पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. पहाटे उठायच्या आधी बसल्या बसल्या अर्धा लिटर पाणी भराभर, मग पाच मिनिटं पाय हलवत बसायचं. झोपायच्या आधी मात्र एवढं पाणी नाही, कारण झोपून बीपी वर जातं. जेवण थोडं थोडं, चार वेळा. पोटाला पट्टा. रात्री लघवीसाठी पलंगाशी भांडं. यावरून आठ दिवस अबोला होता.

परवा झोपून १५०, उभं १२६. पडले नाहीत महिनाभर.


कन्नडची_माहेरवाशीण (संभाजीनगर) | २६ मे, रात्री ९:३०

बरं वाटलं. लघवीच्या भांड्यावरून सगळ्याच मास्तरांचा अबोला असतो. उन्हाळा संपेपर्यंत दुपारी बाहेर नको, उष्णतेनं रक्तवाहिन्या सैल पडतात.


धारूरकर (बीड) | २६ मे, रात्री ९:५०

चुलत्यांनी उतारा केला का शेवटी?


मास्तरपुत्र (वसमत) | २६ मे, रात्री १०:०४

केला. लिंबू-मिरची-मीठ. मीठ तरी उपयोगाचं होतं म्हणून मी काही बोललो नाही.


बनी_तो_बनी (परभणी) | २६ मे, रात्री १०:०९

आणि मंगलाष्टकं?


मास्तरपुत्र (वसमत) | २६ मे, रात्री १०:२१

मागच्या आठवड्यात एक लग्न झालं. पहिल्या रांगेत खुर्चीत बसून, पायाची घडी घालून, सगळी सात ऐकली. अक्षता बसूनच टाकल्या, त्या नवरदेवापर्यंत पोचल्या नाहीत, भटजींवर पडल्या. हळदीच्या कढईपाशी मात्र मी अजून जाऊ देत नाही, आणि त्यावरून रोज सकाळी आमचं वाजतं.